युद्धकाळातला कॉलेज फुटबॉल: ओरेगन स्टेटचा १९४१चा हंगाम (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

जपानने पर्ल हार्बर या हवाईतल्या अमेरिकन नौदल तळावर केलेल्या हल्ल्यानंतर रोझ बोलचा सामना कॅलिफोर्नियातून उचलून नॉर्थ कॅरोलायनात नेला, एवढी एक ओळ क्रीडा प्रश्नमंजूषेत हमखास येते. पण ज्या भीतीपोटी मैदान बदललं, त्याच भीतीपोटी संघातल्या एका मुलाला घरी बसवलं आणि पुढच्या काही महिन्यांत काटेरी तारांच्या छावणीत धाडलं. दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्याशिवाय हा हंगाम कळत नाही, असं माझं ठाम मत आहे. म्हणून ही प्रश्नोत्तरं जरा सविस्तर दिली आहेत.

हा नेमका कोणता संघ?

ओरेगन स्टेट कॉलेज, म्हणजे आजचं ओरेगन स्टेट विद्यापीठ. गाव कॉर्व्हॅलिस, राज्य ओरेगन, अमेरिकेचा पश्चिम किनारा. पोर्टलंडजवळ हिल्सबरो-बीव्हर्टनला आज बरीच मराठी कुटुंबं राहतात, तिथून हे गाव गाडीने साधारण दीड तासावर आहे. संघाचं टोपणनाव ‘बीव्हर्स’, प्रशिक्षक लॉन स्टायनर.

स्टायनर १९३३ साली इथे आले आणि पहिल्याच वर्षी त्यांच्या संघाने बलाढ्य सदर्न कॅलिफोर्नियाला ०-० असं रोखलं. त्या दिवशी एकही बदली खेळाडू न घेता तेच अकरा जण पूर्ण साठ मिनिटं खेळले. त्या गोष्टीवर कॉर्व्हॅलिस पुढची कित्येक वर्षं जगत होतं. अजिंक्यपद मात्र हाताला लागलं नव्हतं.

हा फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे ना?

नव्हे. हा अंडाकृती चेंडूचा, हातात चेंडू घेऊन पळण्याचा आणि अंगावर जाऊन पाडण्याचा अमेरिकन फुटबॉल. मैदान शंभर यार्डांचं, दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू. आक्रमण करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावं लागतं, नाहीतर चेंडू समोरच्याकडे जातो. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाला नेला की टचडाऊन, त्याचे ६ गुण. त्यानंतर चेंडू खांबांमधून लाथाडला की आणखी १. चेंडू हातात असलेल्याला त्याच्याच टोकाच्या पट्ट्यात पाडलं तर पाडणाऱ्या संघाला २ गुण, याला सेफ्टी म्हणतात. पुढे सामन्याचं वर्णन वाचताना एवढं पुरेल.

रोझ बोलला एवढं महत्त्व का?

लॉस एंजेलिसजवळच्या पॅसडिना शहरात दर १ जानेवारीला होणारा हा सामना कॉलेज फुटबॉलमधला सर्वांत जुना ‘बोल’ सामना. पश्चिम किनाऱ्याचा विजेता एका बाजूला, बाहेरून बोलावलेला नामांकित संघ दुसऱ्या बाजूला. सकाळी फुलांनी मढवलेल्या रथांची मिरवणूक, दुपारी खेळ. शेतकी कॉलेज म्हणून सुरू झालेल्या ओरेगन स्टेटसारख्या संस्थेला तिथे पोचणं हे स्वप्नच होतं. १९४१पर्यंत ते एकदाही पुरं झालं नव्हतं.

हंगाम कसा गेला?

सुरुवात पराभवाने झाली. २७ सप्टेंबरला लॉस एंजेलिसमध्ये सदर्न कॅलिफोर्नियाने १३-७ असं हरवलं. मग वॉशिंग्टनवर ९-६ असा निसटता विजय. आणि ११ ऑक्टोबरला घरच्या मैदानावर खरा धक्का: स्टॅनफर्डवर १०-०. हा स्टॅनफर्डचा संघ १९४०च्या अख्ख्या हंगामात हरला नव्हता, रोझ बोलही जिंकला होता, आणि त्यांची टी-फॉर्मेशनची नवी मांडणी देशभर चर्चेत होती. अशा संघाला ओरेगन स्टेटने एकही गुण करू दिला नाही.

पुढच्याच आठवड्यात वॉशिंग्टन स्टेटकडून ०-७ अशी हार. दोन पराभव झाल्यावर आशा सोडून द्यावी अशी स्थिती. पण त्यानंतर या मुलांचा बचाव भिंतीसारखा उभा राहिला. आयडाहो ३३-०, यूसीएलए १९-०, कॅलिफोर्निया ६-०, मोंटाना २७-०. सलग चार सामने, समोरच्याला शून्य. त्या वर्षी पश्चिम किनाऱ्यावर सगळेच एकमेकांना हरवत होते, त्यामुळे सगळा हिशेब शेवटच्या सामन्यावर आला. २९ नोव्हेंबरला यूजीनमध्ये सख्ख्या शेजाऱ्याशी, ओरेगन विद्यापीठाशी गाठ पडली. १२-७. पॅसिफिक कोस्ट कॉन्फरन्सचं, म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरच्या कॉलेजांच्या स्पर्धेचं, पहिलं अजिंक्यपद आणि पॅसडिनाचं तिकीट एकाच दिवशी मिळालं.

आठ दिवसांनी पर्ल हार्बर झालं.

७ डिसेंबरला एखादा कॉलेज संघ खरंच पर्ल हार्बरजवळ होता का?

एक नाही, दोन होते. कॉर्व्हॅलिसपासून जवळच्याच सेलम गावातलं विलामेट विद्यापीठ आणि कॅलिफोर्नियातलं सॅन होजे स्टेट, असे दोन संघ सामन्यांसाठी पर्ल हार्बरजवळच्या होनोलुलूला गेले होते. ६ डिसेंबरला विलामेट हवाई विद्यापीठाकडून २०-६ हरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलात असतानाच बॉम्बहल्ला सुरू झाला.

सहलीला आलेल्या त्या मुलांना मग किनाऱ्यावर काटेरी तारा लावायला आणि पहारा द्यायला जुंपलं. सॅन होजेच्या खेळाडूंनी होनोलुलू पोलिसांना मदत केली, त्यांच्यातले काही तर तिथेच राहिले. बाकीचे ‘प्रेसिडेंट कूलिज’ या जहाजाने परतले. त्याच जहाजात हल्ल्यातले जखमी होते, आणि वाटेत त्यांची शुश्रूषा हे खेळाडू करत होते. जहाज सॅन फ्रान्सिस्कोला लागलं तो दिवस नाताळचा होता.

रोझ बोल पॅसडिनातून हलवला कोणी?

पश्चिम किनाऱ्याच्या संरक्षणाची सूत्रं लेफ्टनंट जनरल जॉन डिविट यांच्याकडे होती. डिसेंबरच्या मध्याला त्यांनी कळवलं की एवढी गर्दी जमवणं धोक्याचं आहे, मिरवणूक आणि सामना दोन्ही नकोत. स्टेडियममध्ये नव्वद हजारांच्या आसपास माणसं, रस्त्यांवर त्याहून कितीतरी जास्त, आणि ती सांभाळायला लागणारे पोलीस त्या वेळी दुसरीकडे हवे होते. आयोजकांना मान्य करावंच लागलं.

डिविट हे नाव लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे.

धोका खरा होता की नुसती घबराट?

दोन्ही. जपानी पाणबुड्या खरोखरच किनाऱ्याजवळ फिरत होत्या. ‘एमिडिओ’ आणि ‘माँटेबेलो’ या तेलवाहू जहाजांवर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत त्याच डिसेंबरात हल्ले झाले. पुढे जून १९४२मध्ये ओरेगनमधल्याच फोर्ट स्टीव्हन्सवर एका पाणबुडीने तोफगोळे डागले. त्यामुळे लाखोंची गर्दी टाळण्याच्या निर्णयाला मी नावं ठेवणार नाही. त्या महिन्यात त्या खुर्चीत बसलेल्या कोणीही बहुधा तेच केलं असतं.

पण भीतीने जागांवरून माणसांकडे मोर्चा वळवला, तिथे सगळं बिघडलं.

मग डरहॅमच का?

ओरेगन स्टेटसमोर खेळायला आधीच नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅम शहरातल्या ड्यूक विद्यापीठाला बोलावलं होतं. ड्यूकने यजमानपद देऊ केलं आणि ओरेगन स्टेटने होकार दिला. ड्यूकचे प्रशिक्षक वॉलेस वेड यांना रोझ बोलची नवलाई नव्हती: १९१६ साली ब्राउन विद्यापीठाकडून ते स्वतः तो खेळले होते आणि पुढे प्रशिक्षक म्हणून अलाबामाला तिथे जिंकवूनही आले होते.

ड्यूकच्या स्टेडियमची क्षमता ३५,०००. शेजारच्या विद्यापीठांकडून बाकड्यांचे चौथरे उसने आणून ती वाढवली, आणि शेवटी ५६,००० लोकांनी सामना पाहिला. तिकिटं हातोहात संपली. ओरेगनचा संघ मात्र देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेल्वेने, वाटेत शिकागोसारख्या ठिकाणी थांबत, नाताळच्या सुमारास पोचला.

जॅक योशिहारा कोण होता?

दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, पोर्टलंडच्या शाळेतून आलेला, आणि संघातला एकमेव जपानी वंशाचा खेळाडू. जन्म जपानचा, पण तीन वर्षांचा असताना अमेरिकेत आला तो तिथेच वाढला. भाषा, शाळा, मित्र, खेळ सगळं ओरेगनचं.

सामना डरहॅमला होणार हे ठरल्यानंतरच्या दिवसांत एकदा सराव चालू असताना एफबीआयची माणसं मैदानावर आली. स्टायनर यांच्याशी बोलणं झालं. मग जॅकला सांगण्यात आलं की त्याला संघाबरोबर प्रवास करता येणार नाही. संघ गाडीने निघाला, जॅक मागे राहिला.

इथे क्षणभर थांबून दोन्ही संघांतली आडनावं वाचावीत. जर्मनी आणि इटलीशीही अमेरिकेचं युद्ध ११ डिसेंबरपासून सुरू झालं होतं. ड्यूकच्या संघात सीगफ्रीड होता, नॅनी होता. त्यांची नावं कुठल्या मुलखातून आली हे कोणी विचारलं नाही, आणि विचारायला नकोच होतं. जॅकला मात्र चेहऱ्यावरून आणि जन्मस्थळावरून वेगळं काढलं.

पण तो अमेरिकन नागरिक नव्हता, मग बंधनं कायदेशीरच नव्हती का?

हा प्रश्न बरेचदा येतो आणि मला त्याचं उत्तर नीट द्यावंसं वाटतं. पर्ल हार्बरच्याच दिवशी निघालेल्या जाहीरनाम्याने अमेरिकेतले जपानी नागरिक ‘शत्रू परकीय’ ठरले. जॅक कागदोपत्री त्यात बसत होता, हे खरं.

पण तो नागरिक का नव्हता? कारण जपानमध्ये जन्मलेल्या माणसाने कितीही वर्षं अमेरिकेत काढली तरी त्याला नागरिकत्व मिळण्याची सोयच कायद्यात नव्हती. ती १९५२ साली झाली. म्हणजे दार आतून लावून घ्यायचं आणि बाहेर उभ्या असलेल्याला विचारायचं, तू आत का आला नाहीस? शिवाय पुढे जे घडलं त्यात नागरिकत्वाने काहीच वाचवलं नाही.

पुढे काय घडलं?

१९ फेब्रुवारी १९४२ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी कार्यकारी आदेश ९०६६वर सही केली. त्याच्या आधारावर पश्चिम किनाऱ्यावरून सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरंदारं सोडायला लावली. त्यातले जवळजवळ दोन तृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक होते. हे हुकूम काढणारे अधिकारी तेच, जनरल डिविट.

पोर्टलंडच्या लोकांना आधी शहरातल्या जनावरांच्या प्रदर्शनाच्या इमारतीत ठेवलं. जिथे गुरं बांधायची, तिथे लाकडी आडोसे घालून कुटुंबं राहिली. तो उन्हाळाच होता, आणि लाकडी जमिनीखालून येणारा शेणामुताचा वास आणि माश्या यांच्याबद्दल तिथे राहिलेल्या अनेकांनी पुढे सांगितलं आहे. तिथून बहुतेकांची रवानगी आयडाहोच्या माळरानावरच्या मिनिडोका छावणीत झाली. जॅक योशिहाराही मिनिडोकात होता. १ जानेवारीला ज्याचा संघ देशभर गाजला, तो मुलगा त्याच वर्षी काटेरी तारांच्या आत होता, आणि त्याच्या नावावर एकही गुन्हा नव्हता.

याला कोणी तेव्हाच विरोध केला का, असंही विचारतात. केला. पोर्टलंडचेच वकील मिनोरू यासुई यांनी मार्च १९४२मध्ये मुद्दाम संचारबंदी मोडून स्वतःला अटक करवून घेतली आणि खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. तेव्हा ते हरले.

सामन्यात नक्की काय झालं?

ड्यूक त्या हंगामात एकही सामना न हरता आलेला, देशात दुसऱ्या क्रमांकावरचा संघ. घरचं मैदान. ओरेगन स्टेट दोन पराभवांसह, बाराव्या क्रमांकावर. पैजा लावणाऱ्यांच्या लेखी निकाल लागल्यातच जमा होता. हवा थंड, पाऊस, मैदान चिखलाचं. अशा हवेची सवय कोणाला असेल? ओरेगनच्या पोरांना. त्यांचा अख्खा हिवाळा पावसात जातो.

पहिल्या भागात डॉन डर्डनने १५ यार्ड धावत जाऊन पहिला टचडाऊन केला. ड्यूकच्या स्टीव्ह लॅकने बरोबरी साधली. मध्यंतराला ७-७.

खरा सामना तिसऱ्या भागात झाला, आणि तो भाग मी जुन्या वर्णनांतून कितीदा वाचला तरी पुन्हा वाचतो. बॉब डेथमनने जॉर्ज झेलिककडे ३१ यार्डांचा पास टाकला, टचडाऊन, १४-७. ड्यूकने लगेच उत्तर दिलं, विन्स्टन सीगफ्रीड अगदी रेषेवरून आत घुसला, १४-१४. मग डेथमनने पुन्हा लांब चेंडू फेकला. या वेळी समोर जीन ग्रे होता. चेंडू पकडून, बचाव करणाऱ्याला चकवून तो सुटला तो थेट शेवटपर्यंत. एकूण ६८ यार्ड. ओल्या, निसरड्या चेंडूने, त्या चिखलात! वरचा एक गुण हुकला, २०-१४.

आता हुकलेल्या त्या एका गुणाची धाकधूक सुरू झाली, कारण ड्यूकचा एक टचडाऊन आणि एक नेमकी लाथ सामना फिरवू शकत होती. चौथ्या भागात ड्यूकच्या माइक कार्माझिनने डर्डनला त्याच्याच पट्ट्यात पाडून सेफ्टीचे दोन गुण मिळवले. २०-१६. ड्यूकने शेवटपर्यंत जोर लावला, पण चेंडू हातचा निसटत राहिला. ओरेगन स्टेट जिंकलं. सर्वोत्तम खेळाडू डॉन डर्डन.

ओरेगन स्टेट नंतर १९५७ आणि १९६५ साली पुन्हा रोझ बोल खेळलं, दोन्ही वेळा हरलं. आजतागायत तो एकच विजय त्यांच्या नावावर आहे.

मैदानावरची ही मुलं नंतर कुठे गेली?

बहुतेक सगळी सैन्यात. दोन्ही संघांतले मिळून चौघे युद्धात मरण पावले: ओरेगन स्टेटचा एव्हरेट स्मिथ आणि ड्यूकचे वॉल्टर ग्रिफिथ, अल हूव्हर आणि बॉब नॅनी.

६८ यार्डांचा तो टचडाऊन करणारा जीन ग्रे वैमानिक झाला. जर्मनीवर तीसहून अधिक मोहिमा उडवून सुखरूप परतला. मग युद्ध संपल्यावर, १९४८ साली, पनामात विमान कोसळून त्याचे दोन्ही हात गेले. ज्या हातांनी त्याने तो चेंडू पकडला होता, ते हात. याच्यावर आणखी काही लिहिणं मला जमत नाही.

वॉलेस वेड यांचं वय तेव्हा पन्नाशीच्या घरात होतं. पहिल्या महायुद्धातही ते सैन्यात होते. तरी १९४२मध्ये पुन्हा गणवेश चढवून ते तोफखान्यात गेले आणि युरोपात एका पलटणीचे प्रमुख म्हणून लढले. बेल्जियमच्या बर्फातल्या बल्जच्या लढाईत त्यांची गाठ ओरेगन स्टेटच्या स्टॅन्ली चेकशी पडली आणि दोघांनी गरम कॉफी वाटून घेतली, ही आठवण दोन्हीकडे सांगितली जाते.

पार्करने हेन्सला वाचवल्याची गोष्ट खरी आहे?

खरी आहे. चार्ल्स हेन्स ड्यूकचा, फ्रँक पार्कर ओरेगन स्टेटचा. १९४४मध्ये दोघेही इटलीच्या आघाडीवर होते. आर्नो नदीच्या परिसरातल्या एका टेकडीवर हेन्स जबर जखमी होऊन कित्येक तास पडून राहिला. जगण्याची आशा त्यानेही सोडली होती. पार्कर त्याच्यापर्यंत पोचला आणि त्याला खाली घेऊन आला. त्यानंतर त्यांची भेट झाली ती १९९१ साली, कॉर्व्हॅलिसला दोन्ही संघांचं पन्नास वर्षांनिमित्त स्नेहसंमेलन भरलं तेव्हा.

मराठी वाचकाला इटलीची ही आघाडी परकी वाटू नये. त्याच १९४४च्या जुलैत टायबरच्या खोऱ्यात मराठा रेजिमेंटचे यशवंत घाडगे लढताना कामी आले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते माणगावकडचे, रायगड जिल्ह्यातले. पुढच्या एप्रिलमध्ये सेनिओ नदीवर जखमी साथीदारांना पाठीवर वाहून आणणाऱ्या नामदेव जाधवांनाही तोच सन्मान मिळाला. पार्कर आणि जाधव एकमेकांना कधी भेटले नसतील, काम मात्र दोघांनी एकच केलं.

युद्धाच्या पुढच्या वर्षांत ओरेगन स्टेट खेळलं का?

१९४२मध्ये खेळलं. १९४३ आणि १९४४ला संघच उतरवला नाही, खेळाडूच उरले नव्हते. १९४५ला पुन्हा सुरुवात केली.

मग त्याच वर्षांत काही कॉलेजं एवढी बलवान कशी?

यामागे एक साधा नियम होता. नौदलाने व्ही-१२ नावाचा कार्यक्रम काढून भावी अधिकाऱ्यांना कॉलेजांमध्ये शिकायला ठेवलं आणि त्यांना कॉलेजच्या संघातून खेळायला परवानगी दिली. लष्कराने आपल्या प्रशिक्षणार्थींना तशी परवानगी दिली नाही. त्यामुळे ज्या कॉलेजात नौदलाचा गट, तिथे आयते तगडे खेळाडू, कधीकधी दुसऱ्या कॉलेजांचे नावाजलेले सुद्धा. ज्यांच्या वाट्याला तो आला नाही, त्यातल्या अनेकांची मैदानं ओस पडली. ड्यूकमध्ये व्ही-१२ होतं, त्यामुळे ड्यूक युद्धभर खेळत राहिलं.

या व्यवस्थेतही माणसं मध्येच उचलली जात. १९४३ला नोत्र दामचा क्वार्टरबॅक अँजेलो बर्टेली सहा सामने खेळून मरीन दलात गेला, तरी वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून हाइझमन करंडक त्यालाच मिळाला. सैनिकी तळांचेही संघ होते. ग्रेट लेक्सच्या नौदल तळाच्या संघाने त्या वर्षी अजिंक्य चाललेल्या नोत्र दामला शेवटच्या मिनिटाला १९-१४ असं हरवलं.

प्रवासावरही मर्यादा आल्या. १९४२चा आर्मी-नेव्ही, म्हणजे लष्कर आणि नौदल यांच्या अकादमींमधला सामना अॅनापोलिसला नेव्हीच्या घरी झाला. आर्मीचे समर्थक येऊ शकले नाहीत, म्हणून नेव्हीच्याच निम्म्या विद्यार्थ्यांना आर्मीच्या बाजूने घोषणा द्यायला बसवलं. १ जानेवारी १९४४च्या रोझ बोलमध्ये तर लांबचा प्रवास नको म्हणून पश्चिमेचेच दोन संघ भिडले आणि सदर्न कॅलिफोर्नियाने वॉशिंग्टनला २९-० असं हरवलं.

युद्ध पेटलेलं असताना असे खेळ खेळावेत का?

त्या काळीही हा वाद झालाच. बेसबॉलबद्दल विचारणा झाली तेव्हा जानेवारी १९४२मध्ये रूझवेल्ट यांनी पत्राने कळवलं की खेळ चालू राहणं देशाच्या भल्याचं आहे.

आपल्याकडेही मैदानं बंद नव्हती. प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने रणजी करंडक सलग दोनदा जिंकला तो १९३९-४० आणि १९४०-४१ला, ऐन युद्धात. मुंबईत ब्रेबर्नवर धर्मवार संघांचे पंचरंगी क्रिकेट सामने भरत होते आणि १९४३-४४च्या त्या प्रसिद्ध सामन्यात विजय हजारेंनी ३०९ धावा काढल्या. तेव्हाही हे सामने थांबवावेत असं म्हणणारे होते, आणि त्यांची कारणं वेगळी होती.

माझ्यापुरतं सांगायचं तर डरहॅमचा सामना झाला हे चांगलंच झालं. जी मुलं महिन्या-दोन महिन्यांत गणवेशात जाणार होती, त्यांना तो एक दिवस मिळाला. फक्त तो सगळ्यांना मिळाला नाही, ही बोच राहते.

योशिहाराला कधी न्याय मिळाला का?

तुकड्या-तुकड्यांत. १९८३ला सरकारनेच नेमलेल्या आयोगाने निष्कर्ष काढला की हे स्थलांतर लष्करी गरजेतून झालेलं नव्हतं. वंशद्वेष, युद्धज्वर आणि राजकीय नेतृत्वाचं अपयश ही त्याची मुळं होती. १९८८च्या कायद्याने सरकारने माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर दिले. डिविट यांचं आडाख्यांवर उभं केलेलं प्रकरण असं सरकारनेच खोडून काढलं, पण चार दशकांनी.

जॅकला त्याची रोझ बोलची अंगठीही बऱ्याच वर्षांनी मिळाली. आणि २००८मध्ये ओरेगन स्टेटने, युद्धामुळे शिक्षण तुटलेल्या आपल्या जपानी-अमेरिकन विद्यार्थ्यांना सन्माननीय पदव्या दिल्या. त्यांत जॅक योशिहारा होता. २००९मध्ये तो वारला.

संघाच्या यशाबद्दल लिहिणारे अनेकजण त्याचं नाव शेवटच्या परिच्छेदात घालतात. विजेत्या संघाच्या यादीतच ते लिहावं, अशी माझी विनंती आहे.

दोन्ही कॉलेजांचं नंतर काही नातं राहिलं का?

एक गमतीशीर धागा आहे. त्या दिवशी ड्यूककडून खेळलेला टॉमी प्रोथ्रो १९५५मध्ये ओरेगन स्टेटचाच प्रशिक्षक झाला. १९५७ आणि १९६५च्या रोझ बोलला ओरेगन स्टेटला घेऊन जाणारा तोच.

ते स्टेडियम आज आहे का?

आहे. १९६७पासून त्याला वॉलेस वेड यांचं नाव आहे. रॅले-डरहॅम भागात मराठी मंडळी बरीच आहेत, त्यांना ड्यूकच्या आवारात सहज जाऊन पाहता येईल.

रोझ बोल पुन्हा कधी पॅसडिनाबाहेर गेला?

एकदाच, कोविडमुळे. १ जानेवारी २०२१चा सामना टेक्ससमधल्या आर्लिंग्टनला झाला आणि अलाबामाने नोत्र दामला ३१-१४ असं हरवलं. पुढच्या वर्षीपासून तो पुन्हा पॅसडिनालाच होतो.